फार्मसीवाल्यांनो, रक्त पडतंय म्हणणाऱ्याला आधी दोन प्रश्न विचारा

गोव्यातील समस्त फार्मसी मालक, फार्मसिस्ट आणि काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला का लिहिते आहे, ते आधी सांगते. आपल्याकडे पोट बिघडलं की माणूस पहिला तुमच्या काउंटरवर येतो. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जायचं तर सकाळची बस, केसपेपर, रांग आणि एक रजा. खाजगी तज्ज्ञ गाठायचा तर वर फीचे पैसे. फार्मसी मात्र बाजारातच असते, मासळी घेऊन परतताना वाटेवर. त्यातून तक्रार शौचावाटे रक्त पडण्याची असेल तर ती घरात सांगायचीही चोरी. बाईमाणूस तर तपासणीच्या टेबलावर आडवं व्हायच्या कल्पनेनेच महिने ढकलतं. तुमच्याकडे दोन शब्दांत काम होतं, पुडी मिळते, कोणी कपडे सोडायला सांगत नाही. म्हणून माझ्यासारख्यांच्या आजाराचं पहिलं निदान, तुम्हाला आवडो वा न आवडो, तुम्हीच करता. आणि ते बहुतेक वेळा ठरलेलं असतं: मूळव्याध.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा आमच्या भागातल्या एका फार्मसीत गेले. संध्याकाळची गर्दी होती. "कितें जाय?" मुलाने विचारलं. मी होईल तितक्या हळू आवाजात सांगितलं. तो मागे वळून आतल्या माणसाला मोठ्याने म्हणाला, "मुळव्याधीचें मलम खंय आसा?" शेजारी माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई उभी होती. बिचारीने मला तिथेच सुरणाची भाजी खायचा सल्ला दिला, वर सुरण कुठला चांगला तेही सांगितलं. मलमानंतर गोळ्या आल्या, गोळ्यांनंतर अँटिबायोटिकचा कोर्स, मग तोच कोर्स पुन्हा, मग जुलाब बांधणारी गोळी. शाळेचा जिना चढताना धाप लागायला लागली, ओठ पांढरे पडले. या सगळ्यात काउंटरपलीकडून मला "किती दिवस झाले?" हा प्रश्न एकदाही आला नाही. ते दुकान कुठलं हे मी सांगणार नाही. असं कुठल्याही दुकानात होऊ शकतं हे तुम्हीही जाणता.

आता आजाराबद्दल. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये त्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, बारीक बारीक जखमा होतात, त्यातून रक्त आणि आंव पडते. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि मध्ये चांगला भाग न सोडता सलग वर सरकते. कोणाची गुदाशयातच थांबते, कोणाची डाव्या कुशीपर्यंत जाते, कोणाचं अख्खं मोठं आतडं व्यापते. याच कुळातला दुसरा आजार म्हणजे क्रोहन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, तुटक तुटक होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसचं वर्णन केलं, म्हणजे आजार काही नवा नाही. तरी नेमकं कारण अजून कोणी बोट ठेवून दाखवलेलं नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, त्यात अनुवंशाचा वाटा असतो, आतड्यातल्या जिवाणूंचा असतो, राहणीमानाचाही असतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. माशाचं तिखट हुमण खाल्ल्याने होत नाही. "टेन्शन घेता म्हणून होतं" हे मला इतक्या लोकांनी ऐकवलंय की त्याचंच टेन्शन यावं. ताणामुळे किंवा मध्येच झालेल्या एखाद्या जंतुसंसर्गामुळे शांत असलेला आजार उठू शकतो हे खरं, पण तो मुळात जन्माला त्यामुळे येत नाही.

आणि तो जात नाही. तुमच्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आजार उठतो, औषधाने शांत होतो, महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षं शांत राहतो, पुन्हा उठतो. शांत असताना मी मासळी खाते, शाळेच्या सहलीला जाते, शिगम्यात मिरवणुकीमागे चालते. उठलेला असताना घरापासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता कुठे कुठे शौचालय आहे या हिशेबाने चालते. दोन्ही वेळा चेहरा तोच असतो, म्हणून लोकांना वाटतं, हिला काय झालंय!

हा आजार थंड देशातला, आपल्याकडे कुठला, असं मला एका शिकल्यासवरल्या माणसाने सांगितलं होतं. पंजाबात घरोघर जाऊन केलेली एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात लाखामागे ४४.३ लोकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. पंजाबचं खाणंपिणं वेगळं, हवा वेगळी, तोच आकडा इथे लावता येत नाही हे मला कळतं. तरी नुसता अदमास घ्यायचा म्हणून २०११ च्या जनगणनेतली साडेचौदा लाखांची लोकसंख्या धरून गुणाकार केला तर सहाशेच्या वर माणसं होतात. यातली किती जण आज तुमच्याकडून मूळव्याधीचं मलम नेत असतील?

तर आता ते दोन प्रश्न. पहिला: किती दिवस झाले? दुसरा: रात्री झोपेतून उठून जावं लागतं का?

पावसाळ्यात आपल्याकडे जुलाब, आमांश घरोघरी होतात आणि त्यातले बहुतेक संसर्ग दोन आठवड्यांच्या आत आटोक्यात येतात. दोन आठवड्यांच्या वर गेलं आणि रक्त आहे, तर ते तुमच्या काउंटरवर सुटणारं प्रकरण नाही. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, बहुधा शौचानंतर थेंब थेंब पडतं किंवा वरून लागतं, आणि मूळव्याधीसाठी कोणाला रात्री तीन वाजता अंथरुणातून धावावं लागत नाही. कोलायटिसमध्ये रक्त शौचात कालवलेलं असतं, सोबत आंव असते, मुरडा असतो, जाऊन आलं तरी पुन्हा जायचंय असं वाटत राहतं. घाई अशी की कळ आल्यावर मिनिटाची सवड नाही. एक गंमत मात्र लक्षात ठेवा, इथे बरेच जण फसतात. ज्यांची सूज गुदाशयापुरतीच असते त्यांना वरच्या बाजूला चक्क बद्धकोष्ठ होऊ शकतं. ते येऊन म्हणतात, पोट साफ होत नाही, कुंथावं लागतं, रक्त पडतं. हे ऐकून तुम्ही मलम आणि रेचक दोन्ही देता. ऐकणाऱ्याला ते मूळव्याधीसारखंच वाटणार, तुम्हाला नावं ठेवत नाही. पण महिना झाला आणि मलमाने उतार नाही, हे कळल्यावर तिसरी ट्यूब देऊ नका.

पाठवायचं कुठे? आधी शौचाची तपासणी आणि हिमोग्लोबिन, मग पोटाच्या तज्ज्ञांकडे. शौचात कॅलप्रोटेक्टिन नावाचा घटक मोजता येतो. तो वाढलेला असला की आतड्याला सूज असल्याचा संशय बळावतो. पक्कं निदान कोलोनोस्कोपीने, म्हणजे दुर्बीण घालून आतडं आतून पाहून, आणि तिथून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीने होतं. कोलोनोस्कोपीला लोक फार घाबरतात. खरं सांगायचं तर आदल्या दिवशीचं ते खारट पाणी पिणं तपासणीपेक्षा वाईट. तुम्ही गिऱ्हाइकाला एवढं सांगितलंत तरी निम्मी भीती जाईल.

आणि एक प्रसंग असा आहे की त्यात तज्ज्ञांची वेळ घेण्याइतकीही सवड नसते. ऑक्सफर्डच्या ट्रूलव आणि विट्स यांनी १९५५ साली गंभीर कोलायटिस ओळखायच्या खुणा ठरवून दिल्या, त्या आजही वापरतात. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि त्यासोबत ताप, किंवा नाडी मिनिटाला ९० च्या वर, किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली. असा माणूस तुमच्यासमोर उभा असेल तर त्याला गोळी देऊ नका, १०८ ला फोन लावा. अशा वेळी जुलाब बांधणारी लोपेरामाइड दिली तर सुजलेलं आतडं फुगून जिवावर बेतू शकतं. स्वस्तातली गोळी आहे, कोणीही मागतं, तुम्हीही सहज देता. साध्या जुलाबाला ती चालते. रक्त असेल तर नाही, एवढा नियम काउंटरवरच्या नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगा.

आता तुमच्या कपाटातल्या बाकीच्या औषधांकडे वळते.

वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वगैरे. यांनी शांत असलेला कोलायटिस उठू शकतो. गोची अशी की आमच्यातल्या बऱ्याच जणांचे सांधेही दुखतात, आणि तेही याच आजारामुळे. हा आजार आतड्यात राहून गुडघे, घोटे, डोळे, कातडी असा लांबवर हात मारतो. म्हणजे गिऱ्हाईक गुडघा धरून येतं, तुम्ही डायक्लोफिनॅक देता, आठवड्याने ते पोट धरून येतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं हे चक्र चांगलं वर्षभर चाललं. दोन्ही औषधं एकाच फार्मसीतून, एकाच हाताने. पॅरासिटामॉल देऊन भागत असेल तर तेवढंच द्या, आणि डोळा लाल होऊन दुखतोय म्हणणाऱ्या कोलायटिसच्या पेशंटला थेंब देऊन वाटेला लावू नका, त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.

अँटिबायोटिक. "पोटात जंतू झालेत" म्हणून एकामागून एक कोर्स देणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग. खरा जंतुसंसर्ग असेल तर उपयोग होतोच. पण अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जिवाणू मारले जातात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा दांडगा जंतू माजू शकतो. कोलायटिसवर तो बसला तर आजार भडकतो. दुसरा कोर्स मागायला आलेल्या माणसाला चिठ्ठी मागा. घरचे कुड्याचं पाळ, बेलफळ वगैरे देतात, त्यावर मी बोलत नाही, त्या बाबतीत सासूबाईंशी माझा तह झालेला आहे.

प्रेडनिसोलोनवर मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय. आजार उठला की डॉक्टर हे स्टेरॉइड देतात, बहुधा रोज ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग आठवड्याला थोडं थोडं कमी करत बंद. जादूसारखं काम करतं. तीन-चार दिवसांत रक्त थांबतं, भूक लागते, अंगात तरतरी येते, माणूस रात्री बारा वाजता कपाट आवरायला घेतो. आणि इथेच घात होतो. पुढच्या वेळी पोट उठलं की पेशंट डॉक्टरकडे न जाता जुनी चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे येतो. चिठ्ठी घड्या पडून पडून मधून फाटायला आलेली, तारीख मागच्या वर्षीची. तुम्ही ओळखीने पट्टी काढून देता. तो मनाला येईल तितके दिवस घेतो, बरं वाटलं की एकदम सोडतो. दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडणं धोक्याचं, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. आणि घेत राहणंही धोक्याचं: साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, चेहरा सुजतो. चेहरा सुजला की गावात लोक म्हणतात, तब्येत सुधारली!

प्रेडनिसोलोन आग विझवायला आहे. आजार शांत ठेवायचं काम त्याच्याने होत नाही. वर्षात पुन्हा पुन्हा त्याची गरज पडू लागली तर मूळ उपचार बदलायची वेळ आली असा त्याचा अर्थ, आणि ते डॉक्टरला कळायला हवं. तुम्ही जुन्या चिठ्ठीवर पट्टी दिलीत की ते डॉक्टरपर्यंत पोहोचतच नाही. औषध शेड्यूल एचमधलं आहे, पट्टीवर लाल रेघ आहे, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कायद्याचा धाक घालायचा हेतू नाही. पण अशी जुनी चिठ्ठी समोर आली की एक फोन डॉक्टरला करा. गोवा केवढासा, डॉक्टर तुमच्या ओळखीचेच असतात.

आजार शांत ठेवायचं औषध दुसरं: मेसालामिन. आमच्यातल्या बहुतेकांचं रोजचं औषध. आजार उठलेला असो वा शांत, ते चालू ठेवायचं असतं. त्याच्या आधीची सल्फासालाझिन स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्झ या डॉक्टरीणबाईंनी मुळात संधिवातासाठी तयार करवून घेतली, आणि नंतर आतड्याला तिचा गुण येतो हे दिसलं. ती आजही स्वस्तात मिळते. ती घेणाऱ्याला लघवी नारिंगी होईल हे आधी सांगा, नाहीतर तो घाबरून बंद करतो. मेसालामिनच्या गोळीला खास वेष्टण असतं, ते आतड्यात खाली गेल्यावर विरघळतं. म्हणून ती कुटायची किंवा चावायची नाही. "ही नाही, त्याच पॉवरची दुसरी घ्या" म्हणताना वेष्टण वेगळं असू शकतं हे ध्यानात ठेवा. एका कंपनीची गोळी जिथे सुटते तिथेच दुसरीची सुटेल असं नाही. बदलायचीच असेल तर पेशंटला सांगून, डॉक्टरला विचारून बदला.

जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून हा आजार होता. २००७ साली त्यांनी पंतप्रधानपद सोडलं त्यामागे हेच दुखणं होतं. २०१२ च्या डिसेंबरात ते परत आले. मधल्या काळात त्यांच्या देशात नव्याने मिळू लागलेल्या एका औषधाने आपल्याला उभं केलं असं ते सांगत. ते औषध म्हणजे मेसालामिनचीच गोळी. पुढे पावणेआठ वर्षं त्यांनी सलग देश चालवला आणि २०२० साली आजार पुन्हा उठल्यावर राजीनामा दिला. "कायमच्या गोळ्या म्हणजे माणूस कामातून गेला" असं कोणी तुमच्या दुकानात म्हणालं, तर हे ऐकवा. आणि एवढा मोठा माणूस, एवढे डॉक्टर दिमतीला, तरी आजार पुन्हा उठलाच, हेही ऐकवा. म्हणजे पेशंटला "तुम्ही काहीतरी वेडंवाकडं खाल्लं असणार" असं कोणी म्हणणार नाही.

तरी सगळ्यात जास्त अडतं ते मेसालामिनच्या सपोझिटरीवर, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायच्या वडीवर. गुदाशयापुरत्या आजाराला हे सर्वांत गुणकारी औषध, तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा सरस, कारण औषध थेट जखमेवर जातं. रात्री झोपताना एक ग्रॅमची एक. आणि तीच आपल्याकडे मिळत नाही. "ठेवत नाही, खपत नाही." दोन-चार दुकानं फिरल्यावर एखादीकडे मिळते, तीही आमच्या मे महिन्यात शटरजवळच्या खोक्यात उन्हाने लोण्यासारखी झालेली. ती अंगाच्या उष्णतेने वितळावी म्हणूनच बनवलेली असते, तिला गार जागा हवी. मी घरी ती फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवते. तुमच्याकडे इन्सुलिनचा फ्रिज असतोच, पण पाकिटावर लिहिलेलं तापमान बघा आणि फार थंडीत गोठवू नका.

शिवाय ती कशी घ्यायची हे कोणी सांगत नाही. पाकीट हातात देऊन नजर दुसरीकडे. वरचं वेष्टण काढायचं असतं हेही काहींना ठाऊक नसतं, आणि तोंडाने घेणारेही निघतात. आधी शौचाला जाऊन यायचं, टोकाला जरासं पाणी लावायचं, डाव्या कुशीवर पडून वरचा गुडघा पोटाशी घ्यायचा, बोटाने पुरेशी आत सरकवायची आणि मग उठायचं नाही. अंथरुणावर जुनी चादर घालायची, कारण डाग पडतात आणि जात नाहीत. एनिमा असेल तर बाटली हलवून घ्यायची आणि डाव्याच कुशीवर पडून राहायचं, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो आणि औषध उताराने तिकडे जातं. सुरुवातीच्या रात्री औषध आत राहत नाही, बाहेर येतं. सूज कमी होत जाते तसं राहायला लागतं. हे माहीत नसलं की पेशंटला वाटतं औषध लागू पडत नाही, आणि महागातली बाटली कचऱ्यात जाते. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला समजावून सांगणं हे फार्मसिस्टचं काम म्हणून लिहिलेलंच आहे. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली तेव्हापासून इथे औषधशास्त्र शिकवलं जातं. त्या परंपरेच्या वारसांनी "बायकांनी बाईला विचारावं" म्हणून अंग काढून घेऊ नये. दुकानात बाई कामाला असेल तर मात्र जरूर तिला पुढे करा.

ज्यांचं मेसालामिनवर भागत नाही त्यांना अझाथायोप्रिन देतात. ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी, गुण यायला दोन-तीन महिने लागतात. माझ्या ओळखीच्या एका तरुण मुलीला काउंटरवर सांगण्यात आलं, "हें किडनी बदलिल्ल्यांचें वखद", म्हणजे किडनी बदललेल्यांचं औषध. खोटं नाही, तिथेही ते वापरतात. पण पोरगी घरी जाऊन रडली आणि गोळ्या बंद केल्या. असं पुन्हा होऊ देऊ नका. तुमची खरी राखण इथे दुसऱ्याच गोष्टीत लागते. आपल्याकडे युरिक अॅसिडचे पेशंट कमी नाहीत, त्यांना अॅलोप्युरिनॉल चालू असतं. हे औषध आणि अझाथायोप्रिन एकत्र पोटात गेली तर अझाथायोप्रिन शरीरात साठतं आणि रक्तपेशी धोकादायक पातळीवर उतरू शकतात. फेबक्सोस्टॅटचंही तेच. पोटाचा डॉक्टर एक, सांध्यांचा दुसरा, दोघांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नाही. दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी बघणारे फक्त तुम्ही असता. शिवाय अझाथायोप्रिन घेणाऱ्याच्या रक्ताची तपासणी ठरल्या वेळी व्हावी लागते, सुरुवातीला तर जवळजवळ दर आठवड्याला. आपल्या आशियाई लोकांत काहींच्या शरीराला ते मुळातच सोसत नाही, त्यांचे केस भसाभस गळतात, पेशी झपाट्याने उतरतात. "ब्लड टेस्ट केव्हा केलीत?" हा तुमचा एक प्रश्न तिथे कोणाचा जीव राखू शकतो. आणि दिवस गेलेली मुलगी आली तर आपल्या मनाने तिचं कुठलंच औषध बंद करायला सांगू नका. गरोदरपणात आजार उठणं हे आई आणि बाळ दोघांनाही अनेकदा त्या गोळ्यांपेक्षा जास्त वाईट असतं. डॉक्टरला विचारायला पाठवा.

त्यापुढची इंजेक्शनं, इन्फ्लिक्सिमॅब वगैरे, हॉस्पिटलातली गोष्ट, आधी क्षयरोगाची तपासणी करून देतात. शस्त्रक्रियेने मोठं आतडं काढावं लागणारेही असतात. तो विषय मोठा आहे, तुमच्या काउंटरवर येत नाही, म्हणून सोडते. एक मात्र येतं. आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली की आतड्याच्या कर्करोगासाठी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करत राहावी लागते, पोट कितीही शांत असलं तरी. वर्षानुवर्षं तुमच्याकडून मेसालामिन नेणारं जुनं गिऱ्हाईक तुम्हाला माहीत असतं. त्याला कधी विचारून बघा, शेवटची दुर्बीण केव्हा घातली होती. डॉक्टरांकडे जाणं सोडून नुसत्या गोळ्या नेणारे त्यात सापडतील.

दोन बारीक मागण्या. काउंटरच्या एका टोकाला, जाहिरातीच्या स्टँडआड, हळू आवाजात बोलता येईल एवढी जागा करा, आणि औषधाचं नाव ओरडून मागू नका, कागदावर लिहून आत द्या. आणि कोणी घामाघूम होऊन शौचालय कुठे विचारलं तर बसस्टँडकडे बोट दाखवण्याआधी मागच्या बाजूला तुमचं स्वतःचं असेल तर ते उघडा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २००५ साली असा कायदाच केला की आतड्याच्या आजाराच्या माणसाला दुकानदाराने कर्मचाऱ्यांचं शौचालय वापरू द्यावं. आपल्याला कायदा कशाला हवा? पाणी मागितलं तर आपण गूळ देणारी माणसं.

शेवटी मालाचं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत अर्धा गोवा बंद असतो, डिस्ट्रिब्युटरची गाडी येत नाही, आणि त्याच दिवसांत पाहुणे, नेवऱ्या, जागरण यांनी आमची पोटं उठतात. तुमच्याकडून नेमाने मेसालामिन, सपोझिटरी, अझाथायोप्रिन नेणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यांची नावं वहीत लिहून ठेवा आणि चवथीच्या पंधरा दिवस आधी त्यांचा महिन्याचा माल मागवून घ्या. नाही उचलला तर परत घेण्याची बोली डिस्ट्रिब्युटरशी आधीच करता येते, निदान आमच्या गावातला फार्मसीवाला हल्ली तशी करतो.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक शिक्षिका